ब्लॉकच केलं ना, शुक्र आहे!

पावसाची झड लागली होती तेव्हा दोन दिवस थोरल्या आपांकडे राहायला गेले होते. आपांचे घर कुरुंदवाडला, आणि त्यांच्या मुलाचे, म्हणजे माझ्या भाच्याचे, मोबाईल दुरुस्तीचे दुकान नृसिंहवाडीला. मध्ये पंचगंगेचा पूल. पाऊस वाढला की पूल आणि पाणी याशिवाय त्या घरात दुसरा विषय नसतो.

रात्री जेवायच्या वेळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एका लोकप्रतिनिधींच्या फेसबुकवरची बातमी टाकली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे. सगळ्यांनी उघडून वाचली. भाच्याने बोट लावले तर पडद्यावर आले की हा मजकूर उपलब्ध नाही. त्याने मोबाईल खाली ठेवला.

"मला नाही दिसणार, खाला. साहेबांनी मला ब्लॉक केलंय. मागं पूर आला होता ना, त्या वर्षी."

घरात कुणालाच हे माहीत नव्हते. आपा तव्यावरची पोळी उलटत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "ब्लॉकच केलं ना? शुक्र आहे अल्लाहचा. पोलीस तर नाही आले दारात."

विषय तिथे संपला, जेवण चालू राहिले. मला मात्र तो घास गिळवेना.

आधी काय झाले होते ते सांगते. लोकप्रतिनिधींचे नाव सांगणार नाही. ते गावाचे, तालुक्याचे की जिल्ह्याचे हेही नाही. नाव आले की वाचणारे पक्ष मोजायला लागतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

नृसिंहवाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. आपण तिला नुसते वाडी म्हणतो. पाणी चढून दत्ताच्या देवळात शिरते आणि पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी करतात. त्याच वेळी बाजारातले दुकानदार माल माळ्यावर चढवत असतात. या देवळाला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीला इथे दृष्टी आली, म्हणून त्याने ते बांधून दिले, अशी इथली परंपरा आहे. नदीपलीकडची औरवाड आणि गौरवाड ही गावेही त्यानेच इनाम दिली असे सांगतात. पेढे-बर्फीच्या रांगेत भाच्याचे दुकान आहे, याचे वाडीत कुणाला नवल वाटत नाही, ते यामुळेच असावे.

२०२१ च्या जुलैच्या पुरात ते दुकान बुडाले. गिऱ्हाइकांचे मोबाईल त्याने आधीच हलवले होते, पण मशीन, काउंटर, सुटे भाग सगळे गेले. शासनाने त्या वेळी जाहीर केले होते की दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार रुपये मिळतील आणि टपरीधारकाला जास्तीत जास्त १० हजार. पंचनाम्याला आलेल्या माणसाने वरचे पत्रे पाहिले आणि टपरी लिहून घेतले. भाच्याकडे दुकानाची नोंद होती, पावत्या होत्या. तो दोन-तीन ठिकाणी फिरला. शेवटी साहेबांनी मदतीचे किट वाटतानाचा फोटो फेसबुकवर टाकला, त्याखाली त्याने लिहिले की साहेब, माझ्याकडे दुकानाची नोंद आहे, मला टपरीत का बसवले, दाद कुठे मागायची? खाली स्वतःचे नाव आणि मोबाईल नंबर. दुसऱ्या दिवशी टिप्पणी नाही आणि साहेबांचे खातेही दिसेना.

मी ते वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. शिवी नाही, टोमणा नाही, पक्षाचे नाव नाही. मीही आयुष्यभर शाळेत अर्ज लिहायला शिकवला. याहून चांगला मला लिहिता आला नसता.

आता कुणी म्हणेल, फेसबुक हे काही सरकारी कार्यालय नाही, माणसाचे स्वतःचे खाते आहे, त्याने दार लावले तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. माझ्या खात्यावर मी कुणालाही ब्लॉक करते, लग्नाचे फोटो पाहून नको ते विचारणाऱ्या दूरच्या नातेवाइकांनासुद्धा. साहेबांनाही घरदार आहे. त्यांच्या त्याच खात्यावर नातवाचा वाढदिवस असतो, देवदर्शन असते, आणि त्याखालीच रस्त्याचे भूमिपूजन, अनुदानाची यादी, धरणातला विसर्ग. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आमच्याकडे पोरांनाही पाठ आहे. तो आकडा आज किती, हे जिल्हा प्रशासनही सांगते, पण लोक आधी साहेबांचे खाते उघडतात, कारण तिथे गावाच्या भाषेत कळते की कुठला रस्ता बंद झाला आणि जनावरे कुठे न्यायची. मग हे खाते घराचे म्हणायचे की कचेरीचे?

नेमका हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मिशिगन राज्यातल्या पोर्ट ह्युरॉन या शहराचे प्रशासक जेम्स फ्रीड यांचे फेसबुक पान असेच होते. त्यावर बायको-मुलीचे फोटो, बायबलमधली वचने, आणि मध्येच शहराच्या कामाच्या सूचना. २०२० मध्ये करोना आला तेव्हा शहर तो कसा हाताळते आहे यावर एका रहिवाशाने टीका केली. फ्रीड यांनी आधी टिप्पण्या पुसल्या, मग त्याला ब्लॉक केले. १५ मार्च २०२४ रोजी निकाल लागला, एकमताने. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी तो लिहिला. त्याचा सारांश असा की नुसता हुद्दा आहे म्हणून माणसाचे प्रत्येक लिहिणे सरकारी होत नाही. दोन गोष्टी पाहायच्या. सरकारच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याला खरोखर होता का, आणि ते लिहिताना तो अधिकार वापरत असल्यासारखे तो लिहीत होता का. दोन्ही असेल तर ते सरकारी काम झाले आणि तिथे टीकाकाराचे तोंड बंद करता येत नाही. फ्रीड हे नेमलेले अधिकारी होते, निवडून आलेले नव्हते, पण कसोटी दोघांना सारखीच.

त्या निकालातली एक बारीक गोष्ट मला फार उपयोगाची वाटली. टिप्पणी पुसणे आणि माणसाला ब्लॉक करणे यांत न्यायालयाने फरक केला. पुसली तर त्या एका मजकुरापुरते पाहता येते. ब्लॉक केले की माणूस सगळ्याच मजकुराला मुकतो, नातवाच्या वाढदिवसाला आणि सरकारी सूचनेलाही. म्हणून घर आणि कचेरी एकाच खात्यात कालवणाऱ्याने ब्लॉकचे बटण दाबले तर जोखीम त्याची. खाते निव्वळ खाजगी असेल तर तसे वर लिहून ठेवा, तुमची बाजू बळकट होईल, असेही न्यायालयाने सुचवले. म्हणजे माणसाच्या घराला दार आहेच. फक्त कचेरीची पाटी त्या दारावर लावू नये.

याच दिवशी आणखी एका खटल्याचा आदेश आला. कॅलिफोर्नियातल्या पोवे गावच्या शाळा मंडळावर निवडून आलेल्या दोन सदस्यांनी एका आई-वडिलांना ब्लॉक केले होते. शाळेतल्या कृष्णवर्णीय मुलांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल ते पालक विचारत होते. आता खरे सांगायचे तर ते पालकही काही कमी नव्हते! एकच मजकूर फेसबुकच्या ४२ नोंदींखाली चिकटवला, आणि ट्विटरवर एकदा दहाएक मिनिटांत तेच उत्तर २२६ वेळा. इतके झाल्यावर कुणाचेही डोके फिरेल. न्यायालयाने ते प्रकरण नव्या कसोटीवर पुन्हा तपासायला खाली पाठवले. त्याआधी ट्रम्प यांच्यावरही खटला झाला होता. ट्विटरवर ब्लॉक केलेल्या सात जणांनी २०१७ मध्ये तो लावला, आणि खालच्या दोन्ही न्यायालयांनी ब्लॉक करणे घटनेविरुद्ध ठरवले. ट्रम्प पदावरून गेल्यावर, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण निरर्थक झाले म्हणून निकाली काढले. त्यातल्या पहिल्या न्यायाधीश नाओमी बुकवाल्ड यांनी साधी गोष्ट सांगितली होती की ऐकायचे नसेल तर म्यूट करा. म्यूट केले की तुमच्या कानाला त्रास नाही आणि समोरच्याचे बोलणेही बंद होत नाही.

ही सोय आपल्या मोबाईलमध्येही आहे. टिप्पणी झाकता येते, ठरावीक शिव्या आपोआप गाळता येतात. ब्लॉकचा परिणामही सगळीकडे सारखा नाही. फेसबुकवर वैयक्तिक खात्यावरून ब्लॉक केले तर काहीच दिसत नाही. एक्सवर २०२४ च्या अखेरीपासून वाचता येते, पण उत्तर देता येत नाही.

आपल्याकडे लोकप्रतिनिधीने नागरिकाला ब्लॉक करावे की नाही, याचा वेगळा कायदा नाही. घटनेच्या कलम १९ मध्ये बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि इंटरनेटवरचे बोलणेही त्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सांगितले. गंमत अशी की कारकून-शिक्षकांसाठी मात्र नियम झाले. २०२५ च्या जुलैमध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांना बजावले की स्वतःचे खाते आणि कार्यालयाचे खाते वेगळे ठेवा. त्याच आदेशात शासनाच्या धोरणावर टीका करू नका असेही आहे, आणि ते मला मुळीच पटलेले नाही. पण खाती वेगळी ठेवण्याची अट चांगली आहे. मग जी अट शाळेतल्या बाईंना, ती त्यांच्या मतावर निवडून आलेल्या साहेबांना का नको?

ग्रामसभेचे उदाहरण घ्या. मतदार यादीत नाव असलेला गावातला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. प्रश्न आवडला नाही म्हणून सरपंच एखाद्याला सांगू शकत नाही की तू यापुढे ग्रामसभेत यायचे नाही आणि फळ्यावरची नोटीसही वाचायची नाही. दंगा केला तर त्या वेळेपुरते शांत बसवता येते, एवढेच.

दुसरी बाजूही मला ठाऊक आहे, आणि ती लपवणार नाही. २०१८ च्या जूनमध्ये लखनऊमध्ये एका हिंदू-मुस्लिम जोडप्याच्या पासपोर्टवरून गहजब झाला. त्यांना त्रास दिल्याची तक्रार होती त्या अधिकाऱ्याची बदली झाली, आणि परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्यावर ट्विटरवर इतकी घाण ओतली गेली की वाचवत नव्हती. त्यांच्याच विचाराची म्हणवणारी माणसे ती ओतत होती. त्यांनी लोकांनाच विचारले की हे तुम्हाला मान्य आहे का. ४३ टक्के लोकांनी हो म्हटले! पुढे एकीने मला ब्लॉक करा म्हणून डिवचले, तेव्हा वाट कशाला पाहता, घ्या, असे म्हणत त्यांनी तिला ब्लॉक केले. मला तेव्हा बाईंचा राग आला नव्हता. याच बाई परदेशात अडकलेल्या लोकांना ट्विटरवरून मदत करत होत्या. आज आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि एखादी सरपंच बोलती झाली की तिच्या फोटोखाली काय काय येते ते त्या बाईलाच माहीत. शिवी, धमकी, बाईच्या अंगावरून बोलणे, कुणाच्या धर्मावर थुंकणे, याला दार बंद करायलाच हवे, आणि गरज पडली तर पोलीसही. पण त्या दाराआड पंचनाम्याचा प्रश्न ढकलू नये. दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो. तो कळत नाही असे म्हणणारा निवडणुकीत मते मोजताना बरोबर मोजतो.

आता आपांच्या शुक्राकडे येते.

आपा भित्र्या नाहीत. २०१९ च्या पुरात सासूला पाठीवर घेऊन नावेत बसलेली बाई आहे ती. तरीही त्यांना ब्लॉक ही सुटका वाटली, याचे कारण आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. २०२३ च्या ७ जूनला कोल्हापुरात काय झाले? काही पोरांच्या मोबाईल स्टेटसवरून शहर बंद, दगडफेक, अश्रुधूर, इंटरनेट ठप्प. त्या आठवड्यात कितीतरी घरांत आयांनी मुलांचे मोबाईल काढून घेतले. त्याआधी २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुस्लिम मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाईक केल्या, आणि दोघींना अटक झाली. चुलत्याचा दवाखाना फोडला तो वेगळाच. त्या अटकेनंतर जे कलम कोर्टात गेले ते ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. भीती मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली.

आणि आमच्या शेजारच्याच हातकणंगले पोलीस ठाण्यातला एक गुन्हा. कोल्हापूर जिल्ह्यात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲप स्टेटसवर ५ ऑगस्ट हा काळा दिवस म्हटले, ३७० कलम काढल्याबद्दल नाराजी लिहिली आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. दोन समाजांत तेढ वाढवल्याचा गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. तो स्टेटस आपल्यातल्या पुष्कळांनाही आवडणार नाही, मलाही तो शहाणपणाचा वाटला नाही. पण ७ मार्च २०२४ रोजी, जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी गुन्हा रद्द केला. सरकारच्या कोणत्याही निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असे त्यांनी लिहिले. शब्दांचा परिणाम जोखायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या मापाने, दुबळ्या मनाच्या नाही, आणि पोलिसांना बोलण्याच्या स्वातंत्र्याची शिकवण देण्याची वेळ आली आहे, असेही.

मी आपांना हे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "निकाल लागेपर्यंत दीड वर्ष गेलं की गं. आपल्याला कोण वकील लावून देणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मग मी त्यांना त्यांचीच गोष्ट आठवून दिली. दर रमजानमध्ये त्या नातवंडांना हजरत उमर (रजि.) यांची गोष्ट सांगतात. खलिफा मिंबरवर उभे राहिले तर एक साधा माणूस उठून विचारतो की वाटणीत सगळ्यांना एकेक चादर आली, तुमच्या अंगावर दोन चादरींचा कुर्ता कसा? खलिफांनी त्याला मशिदीबाहेर काढले नाही. मुलाला उभे केले आणि मुलाने सांगितले की माझी चादर मी अब्बांना दिली. "मग तुमच्या मुलाने टपरीचं विचारलं तर तुम्हाला एवढी धास्ती का?" आपा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते खलिफा होते. हे साहेब आहेत."

भाचा मात्र ऐकत होता. चार दिवसांनी त्याने कागदावर अर्ज लिहिला. दुकानाचे प्रकरण जुने झाले, १० हजार कधीच आले आणि संपले. अर्जात फक्त एवढेच मागितले की आपल्या खात्यावर पुराच्या सूचना असतात, मला त्या दिसाव्यात. साहेबांच्या बैठकीत तो स्वतः घेऊन गेला. साहेबांनी बसवले, चहा मागवला, अर्ज वाचून त्यांनाच नवल वाटले. "अरे, फोन मी कुठे बघतो, ही पोरं बघतात. सांगतो त्यांना." पोरांपैकी एकाने अर्जाचा फोटो काढून घेतला. मला ते खरेही वाटते. साहेबांना कदाचित माहीतही नसेल की आपल्या नावाने कुणाकुणाला बाहेर काढले आहे. पण खाते त्यांच्या नावाचे, फोटो त्यांचा, तेव्हा बटण पोराने दाबले तरी जबाब त्यांचाच.

याला तीन आठवडे झाले. परवा पुन्हा पाऊस वाढला तेव्हा मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, पंचगंगा ३९ च्या वर गेली, माल वर चढवतोय. मी विचारले, तुला कुठून कळले, खाते दिसायला लागले का? म्हणाला, "नाही खाला. शेजारच्या पेढेवाल्या काकांनी त्यांच्या मोबाईलवर वाचून दाखवलं. त्यांना सगळं दिसतं. ते कधी काही विचारत नाहीत."